छप्पन्न चिंचोके

बँकेच्या अर्जात रकाना एकच होता:
यंत्राचे नाव.

एकोणीस बायका, समाजमंदिराची तापलेली फरशी,
सेलू तालुक्यातलं पिंपळकुंठा, चैत्र,
लाईट दोनला गेलेली.
मधोमध मी, लॅपटॉप मांडीवर, बॅटरी चव्वेचाळीस टक्के.

डाळ मिल, शेवयांचं मशीन, मिरची कांडप.
हात मोजले:
सात, सहा, सहा.
धुरपतामावशी गटाच्या अध्यक्ष,
म्हणाल्या, "झालं की मग. डाळ मिल लिव."
सोजरबाई कुडाच्या बाजूनं हळूच बोलली,
"सात जणींचं दिसायलंय बाई.
बारा जणींनी ते मागितलंच न्हाई, हे कुठं लिवायचं?"

नांदेडला दोन वर्षं शिकले ते इथं कामाला येईल
असं मला वाटलं. उगाच वाटलं.
म्हटलं, दोन-दोनच्या जोड्या लावू.
डाळीसमोर शेवया: तेरा जणी डाळीकडं.
शेवयांसमोर मिरची: तेरा जणी शेवयांकडं.
म्हणजे मिरची तळाला, मी बोलूनही गेले,
आणि निव्वळ सवयीनं उरलेली जोडी लावली.
मिरचीसमोर डाळ.
बारा जणी उठून मिरचीकडं गेल्या.

शमीमबीनं पदर तोंडाला लावला,
"अगे, तीनों बी हारे तो जीता कौन?"

पुन्हा मोजलं. प्रोग्राम बारा ओळींचा,
त्यात चुकायला जागाच नव्हती.
बायकांतही कुणी चुकलं नव्हतं.
प्रत्येकीला पक्कं ठाऊक होतं
पहिलं काय, दुसरं काय, नकोच ते काय.
एकेकीचं मन ओळंब्यासारखं सरळ,
आणि एकोणीस जणींचं मिळून
जातं. नुसतं फिरणारं.

"म्हंजे खुंटा कुणाच्या हाती, तेवढं बघायचं,"
सोजरबाई म्हणाली.
मला जे कळायला एक सत्र लागलं होतं
ते तिला एवढ्यात कळलं:
जे पहिल्या जोडीत घालणार नाही
तेच मागून ताजं येऊन जिंकणार.
धुरपतामावशींनी विषयांची वही मिटली
आणि मांडीखाली सारली.

मग पिशवीतून चिंचोके ओतले.
तीन पराती. आवडीच्या परातीत दोन,
मधल्या परातीत एक, नावडतीत काही नाही.
पितळेवर टपटप, बराच वेळ कुणी बोललं नाही.
डाळ वीस. शेवया एकोणीस. मिरची अठरा.
एकेका चिंचोक्याचा फरक,
आणि सगळ्यांचे डोळे एकदम
एकमेकींच्या हातांकडं.

प्रयागबाई तोवर गप्प होती.
तिनं दोन्ही तळवे पुढं केले.
कातडी लाल, कडांना सोललेली.
दरसाल चार घरांची मिरची कुटते ती, उखळात.
"मी मिरचीला दोन टाकले.
रातभर हात घमेल्यात बुडवून पडते मी.
अन् जिला शेवया नुसत्याच बऱ्या वाटतात,
तिचेबी दोनच?"

मी पडद्याकडं बघितलं.
तिथं पहिलं, दुसरं, तिसरं होतं.
किती, असा रकाना मी ठेवलाच नव्हता.
ठेवला असता तरी
कुणाच्या जळण्याला कुणाच्या हौसेशी
कोणत्या मापानं मोजणार होते?
आणि मग प्रत्येकीनंच हात पुढं केले असते,
खरे, खोटे, अर्धे खरे.

बॅटरी नऊ टक्के. मी झाकण लावलं.
कुणी म्हणालं चिठ्ठी टाका,
कुणी म्हणालं बँकेलाच विचारा,
शमीमबी म्हणाली च्या करा पहिले.
यावर मात्र एकमत झालं.

निघताना चिंचोके पिशवीत भरले, मोजून.
सत्तावन्न टाकले होते.
छप्पन्न भरले.
एक कुणाच्या तरी मुठीत घरी गेला,
मी विचारलं नाही.
अर्ज उद्या अकरापर्यंत द्यायचा आहे.
यंत्राचे नाव, आणि पुढं दोन ठिपके.